कालोच्या झाडाखालचा ढोल दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

सतराव्या शतकातला युरोपीय छापचित्रकार झाक कालो याच्या युद्धचित्रांवरील माझ्या निबंधात ‘चित्रे इतकी लहान आहेत की त्यांतल्या माणसांचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचत नाही’ असे एक वाक्य होते. आपण ते खोडले नाहीत. वर्ग सुटल्यावर मालिकेच्या प्रतिकृती आणि भिंग माझ्यापुढे ठेवलेत आणि दोन तास शेजारी बसून राहिलात. त्या दोन तासांबद्दल हे जाहीर आभार.

१६३३ सालच्या या मालिकेत १८ चित्रे आहेत आणि प्रत्येकाची उंची जेमतेम चार बोटे भरेल. अकराव्या चित्रात एका झाडाला लटकलेली प्रेते मला आधीही दिसली होती. भिंगातून मात्र शिडीवर चढून क्रूस पुढे धरणारा पाद्री दिसला, बुंध्याशी पडलेला कपड्यांचा ढीग दिसला आणि त्याच झाडाखाली ढोलावर फासे टाकणारी माणसे दिसली. त्या ढोलापाशी मी बराच वेळ थांबलो. अशा छापचित्रासाठी तांब्याच्या पत्र्यावर लेप देऊन त्यात सुईने रेषा काढतात आणि उघडा पडलेला तांबा आम्लाने खोदला जातो; कालोने त्या लेपासाठी मऊ मेणाऐवजी वाद्ये बनवणाऱ्यांचे कडक वार्निश चढवले, म्हणून एवढी बारीक रेषही आम्लात फाटत नाही, हे आपण तेव्हाच समजावून सांगितलेत.

त्याहून मोठे ऋण आहे ते चित्रे क्रमाने बघायला लावल्याचे. पाचव्या चित्रात शेतकऱ्याचे घर लुटणारे शिपाई, पुढे फासावर जाणारे शिपाई, त्यानंतर इस्पितळापाशी कुबड्यांवर आलेले आणि रस्त्याकडेला मरायला टेकलेले शिपाई, आणि सतराव्या चित्रात त्यांच्यावर सूड उगवणारे शेतकरी, असे सलग बघितल्यावर लुटणारा आणि लुटला गेलेला यांची मी केलेली सोपी विभागणी टिकली नाही. मध्य युरोपात १६१८ ते १६४८ चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धाचे ते दिवस होते आणि १६३३ मध्येच फ्रेंच फौजांनी कालोचे, तेव्हा फ्रान्सबाहेर असलेले नान्सी शहर घेतले. तरीही ‘हा निव्वळ युद्धाचा निषेध आहे’ असे मी उत्साहाने म्हणताच आपण चित्रांखालच्या ओळींकडे बोट दाखवलेत: फासावरच्यांना दुर्दैवी फळांची उपमा देणाऱ्या त्या ओळी त्यांना नीच चोरही म्हणतात, आणि शेवटच्या चित्रात तर राजा बक्षिसे वाटतो आहे. ही अडचण लपवू नकोस, असे आपण बजावलेत आणि ते मला मनापासून पटले.

निबंध नव्याने लिहिला आहे. आता त्याची सुरुवात ढोलापासून होते.

आपला कृतज्ञ विद्यार्थी