पोटाचा टीबी: दोन बाटल्या, दोन महिने

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

वॉर्डात आता पोटाच्या टीबीचे पेशंट तुझ्याकडे असतील, म्हणून हे लिहिते आहे. या आजारात घोटाळा होतो तो जंतू हाती लागत नाहीत म्हणून. पोटात ते इतके विरळ असतात की पोटातल्या पाण्याची स्मिअर (काचेवर पसरून जंतू बघण्याची तपासणी) बहुधा निगेटिव्हच येते, जीन एक्सपर्टही (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) पुष्कळदा निगेटिव्ह येतं. छातीचा एक्स-रे तर बऱ्याच जणांचा स्वच्छ असतो. एवढ्यावरून टीबी नाही असं कधीही लिहू नकोस.

पोटात पाणी असेल तर ते काढून पेशी, प्रोटीन, अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) तपासायला पाठव. त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिनही कर. रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक १.१ ग्रॅमपेक्षा कमी, पाण्यातलं प्रोटीन २.५ ग्रॅमच्या वर (दोन्ही दर १०० मिलिला), लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए साधारण ४० युनिटच्या पुढे, असं चित्र टीबीकडे बोट दाखवतं. मात्र कॅन्सरमध्येही फरक कमी येतो, त्यामुळे सायटॉलॉजी (पाण्यात कॅन्सरच्या पेशी शोधणं) सोडायची नाही. एचआयव्ही आणि साखर सगळ्यांचीच बघायची.

आतड्याचा टीबी बहुतेक वेळा लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे बसतो. दुर्बिणीतून आडवे व्रण आणि उघडी राहिलेली झडप दिसते. तपासणीसाठी तुकडे व्रणाच्या कडेचे आणि तळाचेही घे, निदान आठ. ग्रॅन्युलोमा (टीबीत पेशी गोळा होऊन बनणाऱ्या बारीक गाठी) बहुधा खोल थरात असतात, वरवरच्या तुकड्यात ते पुष्कळदा सापडत नाहीत. आणि बाटल्या दोन ठेव: पॅथॉलॉजीला फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रव), कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि जीन एक्सपर्टला साध्या सलाईनमध्ये. सगळेच तुकडे फॉर्मेलिनमध्ये पडले की जंतू मरतात, कल्चर गेलं. मग औषधाला दाद न देणारा टीबी असला तरी कळायला मार्ग उरत नाही. दुर्बीण आत जाण्यापूर्वीच दोन्ही बाटल्यांवर लेबल लावून ठेवायला सांग.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे क्रोन्स, आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा, जंतूंमुळे न होणारा आजार. लक्षणं तीच, व्रणही पुष्कळदा सारखे. टीबीला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारे स्टिरॉईड दिले तर टीबी पसरतो. म्हणून खात्री नसताना आधी टीबीची औषधं देतात, ते बरोबरच आहे. पण तशी ती दिलीस तर दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने बघण्याची तारीख त्याच दिवशी कागदावर लिही. पेशंट 'बरं वाटतंय' म्हणतो त्यावर जाऊ नकोस, क्रोन्सच्या पेशंटलाही काही काळ बरं वाटतं. व्रण भरलेत का ते बघायचं. भरले नसतील तर क्रोन्स, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), इतर कॅन्सर आणि औषधाला न जुमानणारे जंतू, सगळ्यांचा नव्याने विचार कर. तेव्हा कल्चरचा रिपोर्ट हाताशी असणं किती मोलाचं ते कळेल.

औषधं सहा महिने: पहिले दोन महिने चार औषधं, मग पुढचे चार महिने त्यांतली काही कमी करून. गुंतागुंत नसेल तर नऊ महिने ओढून फायदा नाही, त्रासच वाढतो. डोस वजनावर ठरतो आणि हे पेशंट खाऊ लागले की वजन झपाट्याने वाढतं, तेव्हा दर महिन्याला वजन करून डोस तपास. लघवी नारिंगी होईल हे आधीच सांग, नाहीतर घाबरून गोळ्या बंद करतात. उलटी आणि मळमळ नुसती ॲसिडिटी म्हणून सोडू नकोस. लिव्हरची तपासणी कर. लक्षणांसह एएलटी (लिव्हरचं एक एन्झाइम) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर, किंवा लक्षणं नसताना पाचपटीच्या वर गेलं, तर लिव्हरला बाधणारी तिन्ही औषधं (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड) थांबवून वरिष्ठांना कळव. आकडे उतरल्यावर एकेक करून परत सुरू करतात.

आजार बरा होऊनही व्रणाच्या जागी आतडं आकसतं. गोळ्यांनी ते नेहमी सुटतंच असं नाही. उपचार नीट चालू असताना जेवणानंतर पोटात कळा, गुडगुड, फुगारा असेल तर सीटी कर. उलट्या होणं आणि वारा सरणं बंद होणं, ही जोडी दिसली की रात्र असली तरी सर्जनला बोलाव.

तुझी,
आई