नवा पंप देण्याआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका गावाला हातपंप द्यायचं ठरवलंय आणि त्यावर नावांची पाटी बसवायचाही विचार चाललाय, हे तुमच्या पत्रातून कळलं. पैसे पाठवण्याआधी हे पत्र बैठकीत वाचून दाखवा. माझं स्पष्ट मत आहे की नवा पंप देऊ नये. दक्षिण मलावीतल्या झोम्बा शहराच्या आसपासच्या गावांत पंप आहेत, पण त्यातले काही बंद पडून आहेत. तिथल्या सरकारी निकषाप्रमाणे एका पंपावर २५० माणसं धरतात. तो बंद पडला की ती सगळी शेजारच्या पंपावर जातात आणि दुप्पट वापराने तोही लवकर झिजतो. खरं काम आहे ते असलेले पंप चालू ठेवण्याचं, आणि त्यासाठी एका गावाशी वर्षानुवर्षं नातं ठेवावं लागतं.

तिथला पंप आफ्रिदेव जातीचा. आपल्या सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात इंडिया मार्क-२ हा हातपंप घडला. तो दणकट आहे, पण खोलवरच्या दुरुस्तीला जड लोखंडी पाइप उपसावे लागतात आणि त्यासाठी बाहेरची माणसं बोलवावी लागतात. आफ्रिदेव १९८० च्या दशकात केनिया आणि मलावीत आकाराला आला, तोच मुळी गावाला स्वतः दुरुस्त करता यावा म्हणून. पाइप प्लास्टिकचा आहे. सिलिंडर वरून उघडं असल्याने पाइप जागचा न हलवता दट्ट्या आणि तळाची झडप वर ओढून घेता येते. एक पाना आणि झडप ओढायचं एक अवजार, एवढ्यावर गावातल्या बायका पंप उघडतात. साधारण ४५ मीटर खोलीपर्यंत तो चालतो.

झिजतं ते मोजकंच: दट्ट्यावरचं यू-सील (पाणी गळू न देणारं कडं), दोन्ही झडपांमधले उघडझाप करणारे रबरी बॉबिन, तळाच्या झडपेची ओ-रिंग (गोल रबरी कडं) आणि हँडलच्या सांध्यातली प्लास्टिकची बेअरिंग. आई, कुकरची रिंग जशी वाफ सुटायच्या आधीच बदललेली बरी, तसंच यांचंही आहे. वर्षातून एकदा, पंप चालू असतानाच, हे सगळं बदलायचं. झिजलेल्या बेअरिंगवर पंप तसाच रेटला तर हँडल डुगडुगतं, लोखंडावर लोखंड घासतं आणि स्वस्तातल्या तुकड्यासाठी महागाचा भाग जातो.

बिघाड ओळखायची रीत सोपी आहे. पाणी येईपर्यंत हँडल मारायचं, मग अर्धा तास पंपाला हात लावायचा नाही. पुन्हा सुरू केल्यावर पाणी यायला पाचापेक्षा जास्त वेळा हँडल मारावं लागलं तर खाली गळती आहे. ती बहुधा तळाच्या झडपेतली असते, क्वचित पाइपच्या जोडातली. नंतर एका मिनिटात ४० वेळा पूर्ण हँडल मारून पाणी मोजायचं. गळती नसताना दहा लिटरही भरलं नाही तर यू-सील गेलं. आधी भरपूर पाणी येऊन मग हवा येऊ लागली, तर दोष पंपाचा नाही, बोअरमधलं पाणीच उतरलंय. हे तिथल्या कोरड्या दिवसांच्या अखेरीस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसतं. म्हणून पावसाळा नुकताच संपलेला असताना मोजलेल्या पाण्यावर विसंबून बोअर घेणं मला पटत नाही.

पंप बंद पडायला बहुतेक वेळा पैशाची घडी कारणीभूत असते. तिथे पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, मका हाती येतो एप्रिल-मेमध्ये, आणि जानेवारी ते मार्च घरातलं धान्य संपलेलं असतं. पंपाच्या देखभालीसाठी गावाकडून दरमहा वर्गणी घेणं कागदावर छान दिसतं, पण जानेवारीत वर्गणी थांबते. मग थकबाकीदार बायकांना पंपावरून परत पाठवतात आणि त्या उघड्या विहिरीकडे वळतात. ज्या देशात २०२२-२३ च्या कॉलऱ्याच्या साथीत १,७०० हून अधिक माणसं गेली, तिथे हे फार भयंकर आहे. वर्गणी सुगीनंतर एकदाच घ्यावी, आणि मक्याच्या रूपातही चालवून घ्यावी.

शिवाय रोकड साठवून टिकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं. डब्यातले पैसे तेवढेच राहिले, बाहेरून येणाऱ्या मालाचे भाव मात्र चढले. त्यामुळे वर्गणी जमेल त्याच आठवड्यात पुढच्या दोन वर्षांचे सील, बॉबिन आणि बेअरिंग विकत घ्यायचे आणि उन्हापासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवायचे. डबा एकीकडे, किल्ली दुसरीकडे.

संघाने सुटे भाग फुकट वाटू नयेत, ही माझी कळकळीची विनंती. फुकट मिळू लागले की जवळचा दुकानदार ते ठेवणं बंद करतो. देणगी आटली की भाग कुठेच मिळत नाहीत. गावच्या पंप समितीच्या बैठकीला बसण्याचा भत्ताही देऊ नका. भत्ता थांबला की बैठक थांबते.

द्यायचं तर प्रशिक्षणाला द्या, आणि ते बायकांना. पाणी त्या भरतात हे एक कारण आहेच. दुसरं असं की दक्षिण मलावीत बऱ्याच समाजांत घराणं आईकडून चालतं आणि नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. तरुण पुरुष कामासाठी दक्षिण आफ्रिकेतही जातात. शिकवलेला पुरुष गाव सोडून जाऊ शकतो, बाई बहुधा तिथेच असते. चौघींना शिकवावं, म्हणजे एखादी बाळंतीण असली किंवा आजारी पडली तरी काम अडत नाही. यांच्या हाताबाहेरचं काम निघालं तर त्या भागातला मेकॅनिक येतो. त्याची मजुरी गावाने द्यायची.

गावाला भेट द्यायला जाणाऱ्या स्वयंसेवकाने पाना हातात घ्यायचा नाही. दरवर्षी त्याच महिन्यात जायचं, आधी गावच्या प्रमुखाला भेटायचं, मग पंपाच्या हिशेबाची वही बघायची. गावात मयत झालं असेल तर बैठक विसरून तिथे जाऊन बसायचं. सगळं गाव तिथेच असतं. स्वयंसेवक बदलणार असेल तर जुन्याने नव्याला एका फेरीत सोबत नेऊन ओळख करून द्यायची. नाहीतर गावाला दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, आणि लोक कंटाळून सांगायचं सोडून देतात.

तेव्हा संघाच्या रकमेतून एक बंद पंप उघडणं, फुटलेला ओटा आणि सांडपाण्याची नाली नीट करणं, चौघींचं प्रशिक्षण आणि अवजारांचा एक संच एवढंच यंदा करावं. बाकीची रक्कम पुढच्या पाच वर्षांच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावी. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर त्या चौघींची नावं आणि सील बदलायचा महिना लिहावा.

मार्चअखेर निर्णय कळवा, कारण मेमधली वर्गणी चुकली तर वर्ष जातं. आणि बाबा, हिशेबाची वही तुम्ही आखून पाठवाल का? रकाने पाचच हवेत: तारीख, मिनिटाला किती लिटर, बदललेला भाग, शिल्लक भाग, सही. अक्षरं मोठी काढा आणि सहीच्या रकान्यात अंगठ्यापुरती जागा सोडा.

तुमची लाडकी
लेक