चि. मृणालला, रविवारी सड्यावर जाण्याआधी

आडिवरे, ता. राजापूर
१२ जुलै

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

नंदूमामा उद्या रत्नागिरीला येतोय. त्याच्याकडे पिशवी दिली आहे. आमसुलं, कुळथाचं पीठ, तुझा इथे राहिलेला रेनकोट आणि एक पॉवर बँक. पॉवर बँक पूर्ण चार्ज केलेली आहे आणि प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली आहे. ती तशीच राहू दे.

सड्यावर तू वाट चुकलीस त्या संध्याकाळचा विषय काढला, तेव्हा परवा तू म्हणालीस, "बाबा, आता हा विषय पुरे." मी बरं म्हटलं. पण बोलताना माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, म्हणून लिहितोय. रविवारी तू पुन्हा देवाच्या गोठण्याच्या सड्यावर, त्या कातळाच्या उघड्या माळावर जाणार आहेस, हे आईकडून कळलं. जा. दीपकाडीची फुलं पाऊस धरला की थोडे दिवसच असतात, हे तूच मला दाखवलंस. इतकी वर्षं त्या कातळावरून चालत गेलो, पण ते झाड आपल्या कोकणातलंच आहे हे मला लेकीकडून कळलं. आता चहाच्या टपरीवर मी लोकांना सांगतो. तेव्हा जाऊ नको म्हणायला हे पत्र नाही.

एकच विचारायचं आहे. वाट चुकली हे तुला साडेपाचला कळलं होतं. मग फोन आठ वाजता का केलास?

त्या अडीच तासांत तू चालत होतीस. धुकं उतरलेलं, पाऊस आडवा, पायवाट पाण्याखाली. सडा अशा वेळी चहूकडून सारखाच दिसतो. खुणा दिसेनाशा झाल्या की माणूस सरळ चाललोय असं समजतो आणि गोल फिरत राहतो. शिवाय त्या बाजूला जुन्या चिरेखाणी आहेत, पावसात काठोकाठ भरलेल्या. अंधारात कातळ कुठे संपला आणि खाण कुठे सुरू झाली ते कळत नाही. तू काठावर थबकलीस, मागे सरून बसलीस. ते ऐकल्यावर मला आधी अभिमान वाटला आणि मग रात्रभर झोप आली नाही.

आबांना चकवा लागला होता ती गोष्ट तू लहानपणी रोज सांगायला लावायचीस. भुताचं काय ते सोड. पण आबा काय म्हणायचे? चकवा लागला की चालायचं नाही. आहे तिथे बसायचं, चंची सोडायची, पान जमवायचं, डोकं ठिकाणावर येऊ द्यायचं. मी माझ्या वयाच्या माणसासारखं बोलतोय, पण त्यात खोट काय आहे सांग.

फोनबद्दल मला थोडं कळतं. सगळी नोकरी तारा ओढण्यात आणि मग टॉवरच्या पायाशी गेली. नकाशातल्या बाणाकडे बघून चाललीस असं तू म्हणालीस. अगं, तिथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्र भरकटतं, हे बघायला लोक मुद्दाम येतात. फोनमधला बाणही चुंबकावरच चालतो. निळा ठिपका मात्र उपग्रहावरून येतो, त्याला रेंज लागत नाही. त्या भागाचा नकाशा घरी असतानाच उतरवून घे, म्हणजे रेंज नसली तरी आपण कुठे आहोत ते दिसेल. दिशा बाणावरून धरू नकोस, चार पावलं टाकून ठिपका कुठे सरकतो ते बघ.

ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, अक्षांश आणि रेखांश. आपल्या तालुक्यात पहिला १६ ने आणि दुसरा ७३ ने सुरू होतो. दशांशचिन्हानंतरचे चार आकडे नीट वाचून दाखवलेस तर शोधणारा तुझ्यापासून दहा-अकरा मीटरवर येऊन उभा राहील. त्या रात्री तू सांगितलंस, "बाबा, मी एका मोठ्या दगडाजवळ आहे." बाळा, सड्यावर दगड किती!

आणि मला फोन करायच्या आधी ११२. तुझ्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाचा टॉवर आवाक्यात असेल तर तो फोन त्यावरून जातो. कुठलाच टॉवर नसेल तर मात्र तोही लागत नाही, हे लक्षात ठेव. पलीकडे बोलणारा राजापुरातला नसतो. नुसतं गोठणं म्हणू नकोस, गोठणे दोनिवडे वेगळं. देवाचे गोठणे, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, असं पूर्ण सांग. खाली किनाऱ्याच्या खडकांत भरतीने अडकलात तर तटरक्षक दलाचा १५५४.

बोलणं तुटत असेल तर साधा एसएमएस कर. जिथे कॉल टिकत नाही तिथूनही तो कधी कधी निसटतो. तो मिळाला की मी हलेन. एकदा ठिकाण कळवलंस की तिथून हलायचं नाही. रेंज अजिबात नसेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाक. टॉवर शोधण्यातच त्याचा जीव जातो. ठिपका तेव्हाही दिसतो. ठरावीक वेळाने मोड काढून बघायचं. फोनचा टॉर्च लावून बसू नकोस, माणसांचा आवाज आला की लाव.

झालं, वर्गच घेतला. तुला हे आवडत नाही. माफ कर. तू कामाची माणसं शोधतेस, टिपणं ठेवतेस, तुझ्या सरांनी तुझं नाव घेऊन कौतुक केलं. तुला अक्कल शिकवायचा माझा हेतू नाही.

पण ते अडीच तास. इथलीच पोर आणि हिला वाट सापडेना, असं कोणी म्हणेल म्हणून तू थांबलीस ना? तू चार वर्षांची असताना नवरात्रात महाकालीच्या देवळात हरवली होतीस. आई वेडीपिशी झाली होती. तू कुठे होतीस? ओटी विकणाऱ्या बाईच्या मांडीवर, तिचे चुरमुरे खात. तिला तू स्वतः जाऊन सांगितलं होतंस, "माझे बाबा हरवलेत, त्यांना बोलवा." कुठून आणलं होतंस ते धैर्य? तेच मला हवं आहे. वाडीतली पोरं त्या रात्री मोटारसायकली घेऊन निघाली, हॉर्न वाजवत सड्यावर चढली, त्यांतल्या एकानेही तुला नावं ठेवली नाहीत. बंड्याने तर दुसऱ्या दिवशी विचारलं, ताईला सर्दी झाली नाही ना? तुझा फोन बोलता बोलता बंद पडला, त्यानंतर साडेदहापर्यंत आईने देव पाण्यात ठेवले होते. मी अंगणात फेऱ्या मारत होतो. पाचला, साडेपाचला, नुसती शंका आली तरी फोन कर. उगाच केला असं ठरलं तर मी आनंदाने परत फिरेन.

रविवारी एकटी जाऊ नकोस. निघताना कुठून चढणार, कुठून उतरणार आणि किती वाजता परत, हे आईला लिहून पाठव.

तुझा,
बाबा

ता.क. आईचा नंबर पाठ कर. फोन बंद पडून दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलायची वेळ आली तर पाठ असलेलेच नंबर कामाला येतात. माझा तुला पाठ आहे, तिचा नाही, हे तिला कळलंय.