लाथा तुझ्याकडे होत्या

चिंचवड,
१५ जून २०२५

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला तू ‘बरं, वहिनी काय म्हणतात’ करून विषय मोडला असतास. आज रविवार, बाहेर धो धो पाऊस, टीव्ही लेकीच्या ताब्यात. म्हटलं लिहूनच टाकू.

तर, वयाच्या ४३व्या वर्षी मी मेक्सिकोत गाडी चालवायला लागलोय. गेमचं नाव ‘फोर्झा होरायझन ५’. तसा तो २०२१चा, पण तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स आणि पीसीवाल्यांपुरताच होता. सोनीच्या प्लेस्टेशनवर यंदा २९ एप्रिलला आला, म्हणजे आमच्या घरात नवाकोराच. लेकीला परीक्षा संपल्याचं बक्षीस म्हणून घेतला, असं घरात सांगितलंय. शंभर जीबीच्या आसपास डाउनलोड, त्यात आमचं नेट असं की दीड दिवस गेला. वर सोनीच्या डब्यावर खेळायचं तर मायक्रोसॉफ्टचं खातं काढा! सासरी जेवायला बसताना माहेरचा दाखला मागावा तसं.

सुरुवात काय आहे म्हणून सांगू! मालवाहू विमानाचं पोट उघडतं आणि आतून फोर्ड ब्रॉन्को थेट ज्वालामुखीच्या उतारावर पडते. आपटली, उसळली, पळाली. ना टायर फुटला, ना चासी वाकली, ना कोणी पंचनाम्याला आलं. मी तिथंच ओळखलं, हे आपल्याच घराण्यातलं आहे.

कारण गाड्यांच्या गेममध्ये घराणी दोन. एक सिम्युलेशनवाल्यांचं. तिथे टायरचं तापमान बघा, हवा बघा, वळणावर केसभर चुकलात तर गवतात जा. दुसरं आर्केडवाल्यांचं, नाणं टाकायच्या मशीनवर जन्मलेलं. ज्याने नाणं टाकलं त्याला बसल्या बसल्या मजा आली पाहिजे, आणि मजेने पोट भरायच्या आत वेळ संपली पाहिजे, म्हणजे खिशातलं दुसरं नाणं निघतं. सेगाच्या यू सुझुकीने १९८६मध्ये ‘आउटरन’ काढला तो या घराण्याचा मोठा बुवा. लाल उघडी गाडी, शेजारी सोनेरी केसांची बाई, पुढे फाटे फुटत जाणारा रस्ता, आणि निघायच्या आधी रेडिओवर गाणं कोणतं लावायचं ते आपण ठरवायचं. प्रतिस्पर्धी असा कोणी नाहीच, भांडण फक्त घड्याळाशी.

फोर्झाने त्या घराण्यात राहून थोडी लबाडी केली आहे. गाडी खरी वाटते, पण रागावत नाही. दगडी कुंपण तोडून शेतात घुसलो की ओरडा मिळायच्या ऐवजी गुण मिळतात. निवडुंग उडवला, गुण. झाडाचं मात्र तंत्र वेगळं. किरकोळ झाड मोडतं, जाडजूड झाड गाडीला भिंतीसारखं थांबवतं. यातलं किरकोळ कोणतं आणि जाडजूड कोणतं, हे ताशी दोनशेला कळत नाही.

पहिला अर्धा तास मी समोरच्या गाड्यांवर आदळत होतो. मेक्सिकोत रहदारी उजव्या बाजूने, आणि माझा हात नाशिक रोडवर बसलेला. लेक म्हणाली, “बाबा, तू रॉंग साइडने चाललायस.” आमच्याकडे खऱ्या रस्त्यावर हे कोणी बोलूनसुद्धा दाखवत नाही.

दुसरी अडचण ब्रेकची. रस्त्यावर निळे बाण आखलेले असतात, वळण जवळ आलं की ते लाल होतात, म्हणजे ब्रेक दाब. आता तूच सांग, रोडरॅशमध्ये, त्या आपल्या लाथाळीच्या बाइक-गेममध्ये, आपण ब्रेक कधी दाबला होता? मला तर त्याचं बटण कोणतं हेही आठवत नाही. इथे कंट्रोलरवर डाव्या बोटाखाली ब्रेक आहे आणि तो चक्क बोटाला विरोध करतो, जुन्या मारुतीच्या पेडलसारखा. आठवडा गेला तेव्हा कुठे बोट आपोआप वळायला लागलं.

आता खरी गंमत. ग्वानाह्वातो नावाचं खरंखुरं शहर गेममध्ये आहे. डोंगरउतारावर लाल, पिवळी, निळी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. त्या शहराच्या पोटातून पूर्वी नदी जायची आणि गावात पूर यायचे. शेवटी लोकांनी नदी वळवली आणि तिच्या रिकाम्या पात्रातून, घरांच्या खालून, मोटारींचा रस्ता काढला. त्या बोगद्यात शिरलो की इंजिनाचा आवाज दगडी भिंतींवर आपटून दुप्पट होतो, डोक्यावरून एकेक दिवा सरकत जातो, आणि एकदम बाहेर डोळे दिपवणारं ऊन. शर्यत बाजूला ठेवून मी तिथे नुसता फिरतो. लेक वैतागते, “बाबा, तू रिक्षा चालवतोयस का?”

आणि हे खास तात्यांसाठी, त्यांना वाचून दाखव. गेममध्ये एक प्रकरण बीटलचं आहे. फोक्सवॅगनच्या त्या कासवाला मेक्सिकोत ‘व्होचो’ म्हणतात. मेक्सिको सिटीत हिरव्या-पांढऱ्या व्होचोच्या टॅक्सी असायच्या. गाडीला दारं दोनच, म्हणून गिऱ्हाइकाला मागे जाता यावं यासाठी ड्रायव्हरच्या शेजारची सीटच काढून टाकायचे. जगातली शेवटची जुनी बीटल प्वेब्लाच्या कारखान्यातून ३० जुलै २००३ला बाहेर पडली. आणि आपली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत नोंदली गेली ती त्याच वर्षी, २९ ऑक्टोबरला! वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. हे लक्षात आलं आणि मी कंट्रोलर खाली ठेवला. तात्यांच्या पद्मिनीत स्टिअरिंगखालच्या गिअरला लाल गोंडा होता ना? गिअर पडला की तो गुडघ्यावर आपटायचा. मी पुढे बसलो की तात्या म्हणायचे, “पाय आवर.” पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्या रांगेत उभ्या असताना मी संध्याकाळभर ती बीटल घेऊन फिरलो. चढाला लागली की रडते. अगदी तीच तऱ्हा.

आता तक्रार. एका टीव्हीवर शेजारी शेजारी बसून दोघांनी खेळायची सोयच यात नाही. पडदा दुभागत नाही. ऑनलाइन जगभरचे लोक भेटतील, पण सोफ्यावरच्या माणसाने आपली पाळी येईपर्यंत नखं खात बसायचं. करोडो रुपये ओतून गेम करणाऱ्यांना एवढं सुचू नये? मग परवा लेकीने शक्कल काढली. एकच कंट्रोलर, अर्धा तिचा, अर्धा माझा. डाव्या हाताला स्टिअरिंग आणि ब्रेक, ते तिच्याकडे. उजव्या हाताला अ‍ॅक्सिलरेटर, तो माझ्याकडे. खांद्याला खांदा लावून बसलो. “सोड, बाबा, सोड!” असं ती किंचाळली, मी सोडलं नाही, आणि आम्ही पुलाच्या कठड्यावरून सरळ नदीत. त्रिकोणाचं बटण दाबलं की वेळ मागे जातो आणि पुलावर परत येता येतं. ती ते बिनदिक्कत दाबते. मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं. आपल्या वेळी पडलो की उठून, रस्ता ओलांडून, बाइकपर्यंत पळत जावं लागायचं, आणि तेवढ्यात पोलीस आला की संपलं.

त्या नदीतच मला आपल्या रोडरॅशचा, डोंबिवलीचा सायबर कॅफे आठवला. तासाला तीस रुपये, अर्धे तुझे, अर्धे माझे, आणि वेळ संपत आली की मागे येऊन उभा राहणारा तो कॅफेवाला. एका खुर्चीत दोघं. बाणांच्या कळा माझ्याकडे, लाथा तुझ्याकडे. तू साखळीवाल्याला लाथ घालायला इतका आसुसलेला असायचास की बाइक गाईवर गेली तरी तुला फिकीर नाही. आणि पडलो की दोष माझा!

म्हणून हा पत्रप्रपंच. २७ ऑगस्टला गणपती. आम्ही २५ला रात्री निघून रत्नागिरीला पोचतोय. प्लेस्टेशन डिकीत टाकून आणतो. तुझ्या टीव्हीला एचडीएमआयची जागा मोकळी आहे का ते बघून ठेव, सेट-टॉप बॉक्सने अडवली असेल तर तो काढावा लागेल. कंट्रोलर दोन आणतो. सेटिंगमध्ये दुसरा कंट्रोलर ‘असिस्ट’ म्हणून जोडता येतो, म्हणजे दोन कंट्रोलर, दोन माणसं, पण गाडी एकच. अर्धा अर्धा धरायची गरज नाही, या वयात तेवढं जवळ बसवणारही नाही.

स्टिअरिंग माझंच राहील, त्यावर चर्चा नको. यात लाथा नाहीत. तेव्हा तू ब्रेक घेतोस की अ‍ॅक्सिलरेटर, ते कळव.

तुझा,
पक्या

ता. क. तात्यांनी ब्रेक मागितला तर त्यांना द्यायचा.