बॅक्स्टर आणि सहीचा कागद

प्रिय सॅम,
सप्रेम सलाम. पावसाळ्यापासून पत्र नाही. राग समोरासमोर काढ. इकडे सगळे ठीक, आईचे गुडघे तसेच.

वरून कागद आलाय. सगळ्या पाळकांनी महिनाअखेर सही करायची, की यातला शब्दन् शब्द मनापासून मान्य. बरेचसे मान्य आहेच, पण दोन कलमे मंडळीतल्या गरिबांच्या मुळावर येणारी आहेत. इथे कुणाशी बोललो तर म्हणतील, सही कर आणि मोकळा हो. वसतिगृहात सतराव्या शतकातल्या त्या इंग्रज पाळकावरून, रिचर्ड बॅक्स्टरवरून, रात्ररात्र भांडलो ते आपण दोघेच, म्हणून तुला लिहितोय.

तू त्याला हट्टी म्हणायचास. (हे कोण बोलतंय, तर वॉर्डनशी चहावरून भांडून महिनाभर चहा सोडणारा!) अरे, किडरमिन्स्टर गावच्या विणकरांत रमलेला माणूस तो. आठवड्यातले 2 दिवस तो आणि त्याचा सहायक मिळून 14 कुटुंबांना एकेक करून शिकवायचे. देवळात माणसे मावेनात, म्हणून 5 गॅलऱ्या बांधाव्या लागल्या. 1660 साली राजा दुसरा चार्ल्स गादीवर परतला, तेव्हा हेरफर्डचे बिशपपद चालून आले. ते नाकारून त्याने विणकरांकडे परत जाऊ द्या एवढेच मागितले, तेही मिळाले नाही. लिखित प्रार्थनांना त्याचा विरोध नव्हताच, प्रार्थनापुस्तक सुधारायला भरलेल्या सावॉयच्या बैठकीसाठी त्याने स्वतः उपासनाक्रम लिहिला होता. पण 1662 च्या कायद्याला प्रार्थनापुस्तकातल्या सगळ्यालाच संमती हवी होती. ती त्याने दिली नाही. त्या काळात सुमारे 2000 पाळकांची पदे गेली.

इथवर मला शंका नाही. माझी झोप उडवलीय ती मार्गारेटने. त्याच सप्टेंबरात तिने त्याच्याशी लग्न केले. पद गेलेय हे तिला ठाऊक होते. 1669 मध्ये तो तुरुंगात गेला, तर ही आपला चांगला बिछाना घेऊन तिथे राहायला गेली. 1681 मध्ये ती वारली. 1685 मध्ये म्हातारा न्यायाधीश जेफ्रीजच्या शिव्या ऐकत कोर्टात उभा राहिला, तेव्हा ती नव्हती.

सुनीताला असे कुणी आधी विचारले होते? सही नाही केली तर क्वार्टर जाणार, आणि धाकटीची यंदा दहावी. विचारले की म्हणते, "तुम्ही ठरवा." रडली असती, भांडली असती तरी मला कळले असते.

तुझ्या नव्या मंडळीचे छप्पर झाले का? लेकीला आशीर्वाद.

महिनाअखेरच्या आत ये, आणि वहिनींना घेऊनच ये. त्यांच्यापाशी सुनीता मनातले बोलेल.

तुझा,
दानी