खाकरल्याने कफ संपत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'घशात सारखा कफ अडकतो' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या छातीत कफ नसतोच. नाक आणि सायनस मिळून दिवसाला जवळपास लिटरभर पातळ स्राव तयार करतात आणि तो नकळत गिळला जातो. तो दाट झाला किंवा घशाचे अस्तर हुळहुळे झाले, की नेहमीइतकाच स्राव चिकटून बसल्यासारखा वाटतो.

मग माणूस खाकरतो आणि दुखणे वाढवतो. खाकरताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटून सुजतात. सुजलेले अस्तर आणखी स्राव सोडते, की पुन्हा खाकरणे. उबळ आली की पाण्याचा छोटा घोट घ्यावा, हनुवटी किंचित खाली करून जोर लावून गिळावे. पाणी नसेल तर नुसता आवंढा. पहिले काही दिवस जास्तच अडकल्यासारखे वाटते आणि नेमका तिथेच धीर सुटतो.

सोबत शिंका, चोंदणे असेल तर मूळ नाकात आहे. २४० मिली पाण्यात अर्धा लहान चमचा आयोडीनविरहित मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून नाक धुवावे. पाणी मिनिटभर खळखळ उकळून कोमट केलेलेच हवे. नळाच्या कच्च्या पाण्यातून नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. क्वचित घडते, पण जिवावर बेतते. ओणवे होऊन, तोंड उघडे ठेवून पाणी सोडावे. झोंबले तर मिठाचे प्रमाण चुकले समजावे. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा दिला असेल तर तो नाक धुतल्यानंतर, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारावा. म्हणजे तो मधल्या पडद्यावर बसत नाही. गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. चोंदलेले नाक झटपट मोकळे करणारे थेंब मात्र ५ दिवसांपुढे नकोत. नंतर नाक त्यांच्यामुळेच चोंदते.

छातीत जळजळ नसतानाही पोटातले आम्ल घशापर्यंत येऊ शकते. जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवावेत, पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंमी उचलावी. उशांची चळत नको, पोट दुमडून दाब वाढतो. नुसत्या घशासाठी महिनोन्महिने आम्लपित्ताच्या गोळ्या घेण्यात फारसा अर्थ नाही. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनीही घसा खवखवतो. त्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. दुधाला मात्र उगाच दोष देतात. ते लाळेत मिसळून दाट लागते, कफ वाढवत नाही.

आवाज ३ आठवड्यांहून जास्त बसलेला, गिळताना अडकणे, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा एकाच कानात दुखणे, यातले काहीही असेल, विशेषतः तंबाखूची सवय असेल, तर वरचे उपाय करत बसू नये. दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे.

– एक कान-नाक-घसा तज्ज्ञ