तांब्याचे घडीव काम किलोवर विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत तांब्याच्या भांड्यांवर आलेला लेख वाचला. तांब्यातल्या पाण्याचे गुण, चिंच-मीठ लावून भांडी कशी घासावीत, किलोचा भाव काय, हे सगळे त्यात होते. ती घडवणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते. छायाचित्रातही फक्त हात आणि हातोडी. मी स्वतः तांब्यात काम करते. रचना माझी, पत्रा माझ्या पैशाचा, माल खपला नाही तर तोटाही माझाच. म्हणून लिहावेसे वाटले.

धातुकाम मी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पण ठोका कसा पडायला हवा हे कळले ते पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत, एका वयोवृद्ध तांबटकाकांजवळ बसून. पेशवाईपासून त्वष्टा कासारांची, म्हणजे तांबटांची, घरे इथे हेच काम करत आली. बंब, घंगाळ, हंडे, तपेली ही त्यांची रोजची कामे. स्टील आणि ॲल्युमिनियम आले, घरोघरी गीझर बसले आणि ती गिऱ्हाइके गेली. जे टिकले ते आता दिवे, कुंड्या, वाडगे घडवतात.

मठारकाम, म्हणजे हातोडीने भांडेभर पाडलेले खळगे, ही नुसती वरून काढलेली नक्षी, असा बहुतेकांचा समज आहे. खरे तर भांड्याची ताकद त्यातून येते. ठोके पडतात तसे तांबे कडक होत जाते आणि पातळ पत्राही ताठ उभा राहतो. घडवताना तो फार कडक झाला तर चिरतो, म्हणून मध्येच भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायचा, मऊ करायचा आणि पुन्हा ठोकायला घ्यायचा. मठार शेवटी. हातोडीचे तोंड आरशासारखे घासलेले हवे, कारण त्यावरचा बारीक ओरखडाही प्रत्येक ठोक्यासरशी भांड्यावर उमटतो. ठोक्याला ठोका लागून ओळ फिरत जाते. एक ठोका जोरात बसला की सगळ्या भांड्यावर नजर तिथेच जाते.

यातले काहीही तराजूत चढत नाही. प्रदर्शनात लोक वाडगा हातात घेऊन आधी विचारतात, ‘‘वजन किती?’’ जुन्या बाजाराची ही सवय आहे. भांडे किलोवर, मजुरीही किलोवर आणि मोडीत घातले तरी किलोवरच. पातळ पत्र्यात काम करणे जास्त अवघड, पण वजन कमी म्हणून त्याला पैसे कमी. काकांनी आयुष्यभर असेच पैसे घेतले. माझ्याकडे पदवी आहे म्हणून मला ‘कलाकार’ म्हणतात आणि माझ्या कामाचा नगावर भाव होतो. ज्यांनी मला शिकवले ते ‘कारागीर’, त्यांचा किलोवर. याचा मला राग येतो.

पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या तांब्या-पितळेची भांडी घडवण्याच्या कलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पारंपरिक कारागिरांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, सोनार, कुंभार आहेत, तांबट हे नाव मात्र नाही. राज्य सरकारने ते घालण्याचा आग्रह धरायला हवा.

हल्ली साच्यात दाबलेला ‘मठार’ही हातकाम म्हणून विकला जातो. भांडे उजेडात फिरवून पाहा. तेच खळगे त्याच अंतरावर पुन्हा पुन्हा दिसले तर ते यंत्राचे. हाताच्या कामात दोन ठोके हुबेहूब सारखे नसतात.

दुकानदारांनी घडीव भांड्याखाली घडवणाऱ्याचे नाव ठोकून घ्यावे आणि मजुरी कामाच्या तासांवर द्यावी. आपणही यापुढे असे छायाचित्र छापाल तेव्हा त्या तांबटाला विचारून त्याचे पूर्ण नाव खाली छापावे, ही विनंती.

कळावे,
तांब्यात काम करणारी एक वाचक, पुणे